पाणी तापलं म्हणून रोग येत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका जुन्या पेशंटचा मुलगा, वय एकोणतीस, लघवीतून रक्त जातंय म्हणून दाखवायला आला. ताप नाही, पोटात कळ नाही. लघवी सुरू होताना स्वच्छ असते आणि शेवटच्या थेंबांना लाल रंग येतो, एवढीच तक्रार. तपासणीत तांबड्या पेशी दिसल्या. जंतुसंसर्ग असेल असं समजून मी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. सोनोग्राफीत खडा नव्हता, मूत्राशयाची भिंत एका जागी किंचित जाड दिसत होती. "खडा पडून गेला असेल, पाणी भरपूर पी," असं सांगून मी मोकळा झालो.

तीन महिन्यांनी तो परत आला. तक्रार तीच. या वेळी मी त्याला युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी मी न विचारलेला एक प्रश्न विचारला : "गेल्या काही वर्षांत परदेशात होतास का? तिथे नदी-तलावात पोहलास का?"

होय, तो आफ्रिकेतल्या मलावी देशात दोन वर्षं नोकरीला होता आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर मलावी तलावात पोहायला जात होता. मग भर दुपारी लघवीचा नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकाला काटा असलेली अंडी दिसली. निदान झालं : शिस्टोसोमियासिस, जुन्या नावाने बिल्हार्झिया. त्याचा पहिल्या भेटीतला रक्ताचा रिपोर्ट माझ्याच फाइलमध्ये होता. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी १४ टक्के होत्या. जंतांच्या आजारात त्या वाढतात हे मला माहीत होतं. तो आकडा मी पाहिला होता आणि पुढे गेलो होतो.

औषधाने तो बरा झाला. शेवटच्या भेटीत त्याने दोन प्रश्न विचारले. "डॉक्टरकाका, मोठी सुट्टी मला जुलैत मिळायची. तेव्हा तिथे थंडी असते. थंड पाण्यात हे जंत जगतात कसे?" आणि दुसरा, "आता सगळीकडे तापमान वाढतंय. मग हा आजार आपल्याकडेही येणार का?"

आजचा लेख या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. पहिल्याचं उत्तर शास्त्रात आहे. दुसऱ्याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे आणि ते मला स्पष्टपणे मांडायचं आहे.

माणूस, पाणी, गोगलगाय, पुन्हा माणूस

हा आजार शिस्टोसोमा नावाच्या कृमींमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी प्रतिबंधक उपचारांची गरज होती. त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. हे कृमी आतड्याच्या पोकळीत न राहता रक्तवाहिन्यांमध्ये राहतात. आपल्या पेशंटला झालेल्या प्रकारात, म्हणजे शिस्टोसोमा हिमॅटोबियममध्ये, ते मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये ठाण मांडतात. मादी तिथे अंडी घालते. काही अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत येतात, म्हणून रक्त दिसतं. काही भिंतीतच अडकतात आणि तिथे सूज धरते. उपचार न करता अनेक वर्षं गेली तर मूत्राशय आक्रसतो, मूत्रपिंडांवर दाब येतो आणि मूत्राशयाचा कॅन्सर होण्याची शक्यताही वाढते. स्त्रियांमध्ये जननमार्गाला इजा होते. म्हणून हा "होईल आपोआप बरा" असा आजार नाही.

पण एका माणसाच्या लघवीतली अंडी दुसऱ्या माणसाच्या शरीरात थेट जाऊन काहीच करत नाहीत. शेजारी बसून, एका ताटात जेवून हा आजार होत नाही. मध्ये एक मुक्काम लागतो आणि तो मुक्काम म्हणजे गोड्या पाण्यातली एक विशिष्ट जातीची गोगलगाय.

लघवी किंवा शौच पाण्यात गेलं की अंडी फुटतात. त्यातून केसाळ, डोळ्यांना न दिसणारी अळी बाहेर पडते. तिला काही तासांत योग्य गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर ती गोगलगाईच्या अंगात शिरते आणि तिथे आपली संख्या वाढवत राहते. एका अळीपासून हजारो नव्या अळ्या तयार होतात. या नव्या अळ्यांना शेपटी असते, त्यांना सर्केरिया म्हणतात. दिवसाच्या उजेडात, ऊन चढल्यावर त्या गोगलगाईतून बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाची त्वचा काही मिनिटांत भेदून आत जातात. पाणी प्यावंही लागत नाही, पाय बुडवले तरी पुरतं.

दही लागतं तसं

आता तापमानाकडे येऊ. गोगलगाय शीतरक्ताची. पाणी जितकं गरम तितकंच तिचं शरीर गरम. त्यामुळे तिच्या पोटातल्या कृमीचं घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं.

दह्याचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात विरजण लावलं की चार-पाच तासांत दही लागतं. थंडीत तेच रात्रभर लागत नाही, म्हणून भांडं गुंडाळून ठेवावं लागतं. फ्रीजमध्ये विरजण मरत नाही, पण दहीही लागत नाही. आणि उकळत्या दुधात विरजण घातलं तर विरजणच मरतं. म्हणजे एक खालची मर्यादा आहे, एक वरची मर्यादा आहे आणि मधल्या पट्ट्यात जितकी ऊब तितका वेग.

गोगलगाईतल्या कृमीचंही असंच आहे. आतड्यांचा बिल्हार्झिया करणाऱ्या शिस्टोसोमा मॅन्सोनायवर फ्लूगर या संशोधकाने १९८० साली मोजमापं प्रसिद्ध केली. गोगलगायी वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून सर्केरिया बाहेर पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सुमारे १४ अंश सेल्सिअसच्या खाली वाढ थांबते असं दिसलं. त्याच्या वर जितके अंश जास्त, तितके दिवस कमी. त्यांचं गणित वापरलं तर पाणी १८ अंश असताना साधारण ७० दिवस लागतात. २० अंशांना ४६, २५ अंशांना २५ आणि ३० अंशांना फक्त १७ दिवस. लघवीच्या बिल्हार्झियाची खालची मर्यादा किंचित वर, सुमारे १५ अंशांवर आहे.

हे आकडे पाहिलेत की एक गोष्ट लक्षात येईल. १८ वरून २० वर जाताना, फक्त दोन अंशांत, तीन आठवड्यांहून अधिक वाचतात. २५ वरून ३० वर जाताना, पाच अंशांत, जेमतेम आठवडा वाचतो. वाढलेल्या तापमानाचा खरा परिणाम थंड जागी होतो. जिथे पाणी आधीच उबदार आहे तिथे फरक कमी.

माझ्या पेशंटच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मलावीत जुलै हा हिवाळा खरा, पण तलावाचं पाणी तेव्हाही वीस अंशांच्या वरच असतं. आपल्याला अंगावर शहारा आणणारं ते पाणी कृमीच्या दृष्टीने चांगलं कोमट असतं. शिवाय आधीच्या उबदार महिन्यांत संसर्ग झालेल्या गोगलगायी तिथे असतातच. आपल्या अंगाला थंड लागलं म्हणजे पाणी सुरक्षित, हा हिशोब चुकीचा आहे.

जितकं गरम तितका रोग? नाही

"तापमान वाढलं की परजीवींचे रोग वाढणार" असं सरसकट वाक्य आपण बातम्यांत वाचतो. ते अर्धंच खरं आहे.

कारण कृमीची वाढ ही एक बाजू झाली. दुसरी बाजू गोगलगाईच्या आयुष्याची. कृमी तयार होईपर्यंत गोगलगाय जिवंत राहिली पाहिजे. थंड पाण्यात कृमी इतका रेंगाळतो की बऱ्याच गोगलगायी त्याआधीच मरतात. फार गरम पाण्यात, म्हणजे तिशीच्या वर पारा टिकून राहिला तर, कृमी वेगाने वाढतो पण गोगलगायीच लवकर मरतात आणि अंडी कमी घालतात. बाहेर पडलेल्या सर्केरियाही गरम पाण्यात लवकर संपतात. त्यांच्याजवळ साठवलेली थोडीशी ऊर्जा असते, ती गरम पाण्यात भराभर खर्च होते. सगळी बाजू एकत्र धरून केलेल्या अलीकडच्या गणितांत मॅन्सोनायच्या प्रसाराला सर्वांत अनुकूल तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान येतं.

म्हणून एकाच तापमानवाढीने दोन ठिकाणी दोन उलट गोष्टी होऊ शकतात. पूर्व आफ्रिकेच्या उंच, थंड भागात धोका वाढू शकतो. युगांडात १४०० मीटरच्या वर हा आजार होत नाही असं एके काळी मानलं जाई, नंतर त्याहून उंच गावांतही तो सापडला. उलट जिथे डबकी आधीच तापलेली असतात तिथे तो कमीही होऊ शकतो.

मग ठरवतं कोण?

माझ्या मते, तापमान फक्त "इथे शक्य आहे" एवढंच सांगतं. रोग येईल की नाही हे माणूस ठरवतो. तीन देशांची उदाहरणं देतो.

पहिलं फ्रान्सचं. कॉर्सिका बेटावर कावू नावाची सुंदर नदी आहे. तिथे उन्हाळ्यात पर्यटक पोहतात. योग्य जातीची गोगलगाय तिथे आधीपासून होती, उन्हाळ्यात पाणी पुरेसं उबदार होत होतं, तरी आजार नव्हता. मग २०१३ च्या सुमारास कुणीतरी संसर्ग असलेला माणूस त्या पाण्यात उतरला आणि अंडी पाण्यात गेली. २०१४ पासून शंभराहून अधिक लोकांना लघवीचा बिल्हार्झिया झाल्याचं उघडकीला आलं. त्यातले अनेकजण आयुष्यात कधी आफ्रिकेत गेले नव्हते. कृमीची जनुकीय तपासणी केली तेव्हा त्याचं मूळ सेनेगलकडचं निघालं. पारा आणि गोगलगाय दोन्ही तयारच होते. कमी होती ती फक्त लघवीतल्या अंड्यांची.

दुसरं जपानचं. तिथल्या कोफू खोऱ्यात भातशेती करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हा आजार होत असे. १९१३ साली मियाइरी आणि सुझुकी यांनी जपानमध्ये हा आजार पसरवणारी गोगलगाय शोधली. त्यानंतर अनेक दशकं शेतातले कालवे सिमेंटने बांधून काढणं, गोगलगायी मारणं, मैला कुजवून मगच खत म्हणून वापरणं, रुग्णांवर उपचार असं चिकाटीने चाललं. १९७० च्या दशकानंतर तिथे नवा रुग्ण नाही. या काळात जपान थंड झाला नाही, उलट थोडा तापलाच.

तिसरं चीनचं. तिथले संशोधक सांगतात की जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या खाली जातं तिथे ही गोगलगाय टिकत नाही आणि तापमानवाढीमुळे ती सीमारेषा उत्तरेकडे सरकते आहे. ही चिंता खरी आहे. पण त्याच चीनमध्ये १९५० च्या दशकात एक कोटीहून अधिक रुग्ण होते आणि आता ती संख्या काही दहा हजारांवर आली आहे. नकाशावर शक्यता वाढत असताना प्रत्यक्षात रोग आक्रसला, कारण लोकांनी काम केलं.

आपल्या गिमवीची गोष्ट

बिल्हार्झिया हा आफ्रिकेचा आजार, आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीच्या बिल्हार्झियाचे रुग्ण शोधून काढले. बाहेरून आलेले नव्हे, गावातच संसर्ग झालेले. त्यांनी गोगलगाईचाही माग काढला. फेरिसिया टेनुइस नावाची, टोपीसारख्या चपट्या कवचाची, काही मिलिमीटरचीच ती गोगलगाय. नंतरच्या काळात तिथला संसर्ग ओसरला. गिमवीकरांनी किंवा तिथे जाणाऱ्यांनी आज घाबरावं असं काही नाही.

पण या गोष्टीतून एक मुद्दा निघतो. कोकणातलं पाणी भर हिवाळ्यातही १५ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे तापमानाची परवानगी आपल्याला नेहमीच होती, आजचीच नाही. तरी हा आजार कोकणभर पसरला नाही. म्हणून "तापमान वाढेल आणि बिल्हार्झिया येईल" ही भीती मला आपल्या बाबतीत चुकीच्या जागी वाटते. आपल्याला आजवर वाचवलंय ते योग्य गोगलगाय विरळ असण्याने आणि पाण्यात अंडी न पडण्याने. यातलं दुसरं आपल्या हातात आहे.

जनावरांच्या बाबतीत मात्र आपण इतके सुदैवी नाही. गाई-म्हशींच्या यकृतात होणारे पर्णकृमी गोगलगाईमार्फतच येतात. जनावरांचे स्वतःचे शिस्टोसोमाही आपल्या देशात आहेत. त्यातल्या एकामुळे नाकात गाठी होऊन गाय-बैल घोरल्यासारखा श्वास घेतात. यांच्या सर्केरिया भाताच्या चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या त्वचेत शिरतात, पण आत जगू शकत नाहीत. तिथेच मरतात आणि पायांवर खाजरे पुरळ उठतात. लावणीच्या दिवसांत "पाण्याची खाज" म्हणून जी तक्रार येते, त्यातली काही प्रकरणं याच कारणाने होत असावीत असं मला वाटतं.

माझं म्हणणं

हवामानबदलावर बोलताना आपण आरोग्य खात्यापासून टीव्हीपर्यंत फक्त डासांबद्दल बोलतो. गोगलगाय कुणाच्या यादीत नाही. ती यादीत यावी, पण "तापमान वाढतंय, आता काय करणार" अशा हताशपणे नव्हे. पारा मला किंवा तुम्हाला खाली आणता येणार नाही. मैला आणि लघवी पाण्यात जाऊ न देणं मात्र गावाला जमण्यासारखं आहे. वर जे दिवस मोजले, १७ असोत की ७०, त्या काळात कृमी गोगलगाईच्या पोटात अडकलेला असतो. पण अंडंच पाण्यात पडलं नाही तर ते घड्याळ सुरूच होत नाही. संडास बांधून झाले, आता ते वापरात राहणं आणि त्यांचं पाणी ओढ्यात न सोडणं हे काम बाकी आहे.

दुसरं म्हणणं माझ्याच व्यवसायबंधूंसाठी, आणि आधी माझ्यासाठी. आफ्रिकेत नोकरीला, कंत्राटी कामाला, सफारीला जाणारी आपली मुलं-मुली वाढली आहेत. ती परत आली की आपण मलेरियाबद्दल विचारतो. "कुठल्या पाण्यात उतरलात?" हे विचारत नाही. त्या एका प्रश्नाअभावी माझ्या पेशंटचे तीन महिने वाया गेले.

तुम्ही काय कराल?

- आफ्रिकेतल्या नदी, तलाव, कालव्यात पोहू नका, पाय सोडून बसू नका. समुद्राचं पाणी आणि क्लोरिन घातलेला पोहण्याचा तलाव यातून हा आजार होत नाही.
- आंघोळीला तलावाचंच पाणी वापरावं लागत असेल तर ते उकळून निववा, किंवा गोगलगायी नसलेल्या टाकीत दोन दिवस साठवून मग वापरा. सर्केरिया तेवढा वेळ जगत नाहीत. टॉवेलने खसाखसा पुसणं हा भरवशाचा उपाय नाही.
- पाण्यात उतरल्यानंतर तीन ते आठ आठवड्यांत ताप, खोकला, अंगावर गांधी असं झालं, किंवा पुढे कधीही लघवीच्या शेवटी रक्त, वीर्यात रक्त दिसलं तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आपणहून सांगा. हे कृमी अनेक वर्षं जगतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीचा प्रवासही सांगा.
- काही त्रास नसला तरी अशा पाण्यात उतरला असाल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. लघवीचा नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान द्या, त्या वेळी अंडी जास्त सापडतात.
- प्राझिक्वांटेल हे औषध उत्तम आहे, पण ते पूर्ण वाढलेल्या कृमींवर चालतं, कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही. म्हणून परत आल्या आल्या मनाने गोळ्या घेऊ नका. कधी आणि किती, ते डॉक्टरांना ठरवू द्या.
- लघवीतून रक्त जाण्याची कारणं अनेक आहेत आणि आपल्याकडे बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. कधीही परदेशी गेला नसाल तर या लेखाने घाबरू नका, पण रक्त दिसलं की तपासणी मात्र टाळू नका.

माझा तो पेशंट आता पुन्हा मलावीला गेला आहे, तिथे नोकरी चांगली आहे. जाताना म्हणाला, "काका, या वेळी फक्त स्विमिंग पूल." मी त्याच्या जुन्या केसपेपरवर वरच्या बाजूला लाल शाईने "प्रवास?" असं लिहून ठेवलं आहे. आता माझ्याकडच्या प्रत्येक नव्या केसपेपरवर तो शब्द छापलेला असतो.